विभूतीची डबी, चहाचा डबा

काशिनाथअप्पा, तुमच्या जाण्याची बातमी मी लिहिली नाही. डेस्कवरून विचारणा झाली होती, तुमची ओळख होती तर चार ओळी द्या म्हणून. मी दुसऱ्या वार्ताहराचं नाव सुचवलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी आली आणि तिच्यात तुम्हाला 'ज्येष्ठ सराफ' म्हटलं होतं. तुम्ही असता तर अंकाची घडी घालून ती चिमट्याखाली दाबून ठेवली असती आणि मी यायची वाट बघत बसला असता. सराफ विकतो, मी घडवतो, हे वाक्य पहिल्याच भेटीत तुम्ही मला लिहून घ्यायला लावलं होतं, आणि बरोबर लिहिलं की नाही ते वाचून दाखवायलाही.

तुमचं वय, गाव, मुलंबाळं त्या चार ओळींत बरोबर आलं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. जे तिथे येण्यासारखं नव्हतं तेवढंच लिहिते.

आपली ओळख एका डब्यामुळे झाली. लिंगायतांच्या कपिलधारच्या यात्रेआधी मला लिंगाच्या डब्यांवर एक लेख करायचा होता. इष्टलिंग गळ्यात बाळगायला लागणारी चांदीची डबी बीडमध्ये हाताने घडवणारे आता किती उरलेत, असा साधा विषय. बोळाच्या टोकाला तुमचं दुकान दाखवलं कुणीतरी. तुम्ही मान वर न करता बसा म्हणालात, आणि बसायला जागा नव्हती, कारण स्टुलावर तो डबा होता.

त्याच दिवशी पालीच्या एका घरातून तो मोडीत आला होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, जुनी चांदी कुणी ठेवायची यावर एकमत होईना, म्हणून सासूने सगळी मोड आणून दिली आणि सुनांना नवे पैंजण नेले. मोडीत आलेली चांदी संध्याकाळपर्यंत मुशीत जाते. आटली की ती कुणाच्या घरातली होती, तिचं काय होतं, हा प्रश्न संपतो. तुम्ही ताटं, वाट्या, तुटक्या तोरड्या मुशीत टाकल्या होत्या. डब्याजवळ येऊन तुमचा हात थांबला होता.

हाताच्या पंजाएवढा डबा. आठ अंगांचा, वर खांदा आत वळलेला, त्यावर गोल गळा आणि गळ्यावर घुमटासारखी टोपी. प्रत्येक अंगावर वेल ठोकलेली. चांदी काळवंडून शिशासारखी झाली होती आणि नक्षीच्या खाचांत पांढरी विभूती इतकी बसली होती की काळ्या पाटीवर खडूने वेल काढल्यासारखी दिसत होती. पालीच्या त्या घरात तीन पिढ्या तो देवघरात होता. सासूने विभूती फडक्यात काढून घेतली होती, पण खाचांतली कशी निघणार?

हा चहाचा डबा आहे, असं मी म्हणाले. जुन्या घरांतल्या चहाच्या सरंजामावर मी थोडं वाचलं होतं. चहा महाग होता तेव्हा तो असा चांदीच्या डब्यात ठेवत आणि टोपीने मोजून घेत. निजामाच्या काळात इथल्या कुणा अधिकाऱ्याने नमुना दाखवून घडवून घेतला असावा, बदली झाली तेव्हा कुणाला दिला असावा, आणि ज्या घरात गेला त्या घरात चहा कुणी पीत नसावं. एवढं सगळं 'असावं' धरून बोलले, पण आवाज खात्रीचा होता.

तुम्ही प्रथमच मान वर केलीत.

"बाई, चहा हॉटेलातून येतो. ही इभूतीची डबी हाय."

मग टोपी मापाएवढी कशाला, असं मी विचारलं. विभूती घ्यायला बोट पुरतं. तुम्ही टोपी काढून उलटी हातात धरलीत. विभूती पाण्यात भिजवल्याशिवाय कपाळाला लावत नाहीत, ही भिजवायची वाटी, असं उत्तर आलं. मी म्हणाले, टोपीच्या शेंड्यावर फळ बसवलंय, उलटी ठेवली तर ती लवंडेल. त्यावर तुम्ही म्हणालात की कपाळाला विभूती लावताना वाटी ठेवायची कशाला, हातात धरायची असते. आमच्यात तरी तशी पद्धत आहे, पेपरात काय पद्धत आहे माहीत नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःच्या पेटीतली तेवढ्याच वजनाची चांदी मुशीत टाकलीत आणि डबा फळीवर ठेवलात. दिवाळीच्या आधी सगळ्या गावाची चांदी रिठ्याच्या पाण्यात उजळून देणारा माणूस तुम्ही. तो डबा मात्र कधी धुतला नाहीत. धुतला असता तर विभूती मोरीत गेली असती.

लेख छापून आला. चूक त्यातच झाली, निदान तुमच्या मते. शेंड्यावरचं फळ मी 'अननस' असं लिहिलं होतं. चहाच्या डब्यांवर अननस असतो हे वाचलेलं होतं आणि फळावर खवले होतेच. तुम्ही गाड्यावरून सीताफळ आणून डब्याशेजारी ठेवलंत आणि मला निरोप धाडलात. मी गेले तेव्हा दुकानात आणखी दोघे गिऱ्हाईक होते आणि त्यांना सगळं प्रकरण आधीच सांगून झालेलं होतं.

"अननसाला डोक्यावर पानं असतेत. हिथं कुठं हायेत?"

तुटली असतील, असं मी म्हणाले.

"तुटल्याची खूण दाखवा. जिथं तुटतं तिथं चांदी बोलती."

खूण नव्हती. मी अशीही एक शक्यता मांडली की कारागिरासमोर कागदावर काढलेला अननस होता, त्याने तो जन्मात पाहिलेला नव्हता, आणि हाताने जे फळ ओळखीचं होतं तेच केलं. बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्याला खवल्यांचं फळ म्हटलं की दुसरं काय सुचणार? म्हणजे काढलेला अननस, झालेलं सीताफळ. आपण दोघंही बरोबर. तुम्हाला ते मान्य झालं नाही. दोघं बरोबर म्हणजे कुणीच बरोबर नाही, असं म्हणालात, आणि सीताफळ फोडून गिऱ्हाइकांना वाटलंत. त्यानंतर बोळात माझं नाव 'अननसबाई' पडलं. तुम्ही कधी तोंडावर म्हणाला नाहीत, पण चहा सांगताना पोऱ्याला हाक मारायचात ती अशी, की दोन चहा, एक अननसबाईला. मला ऐकू जावं इतक्या आवाजात.

लेखाचं काम संपलं तरी मी येत राहिले. का, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. माझ्या कामात माणसं बोलतात ती मला सांगण्यासाठी नाही, छापून यावं म्हणून. तुमच्या दुकानात तसं नव्हतं. तुम्ही ठोकत असायचात आणि मधूनच हातोडी थांबवून डब्याबद्दल एखादी गोष्ट सांगायचात. एकदा जोड सापडला ते सांगितलंत. डबा एका पत्र्याचा वळवलेला, म्हणजे कुठेतरी तो जोडलेला असलाच पाहिजे. पण आठही कडा तपासल्या तरी जोड दिसत नव्हता. कित्येक आठवडे तुम्ही भिंगातून बघत होतात. मग एका दुपारी मला बोलावून वेलीचा बुंधा दाखवलात. तळापासून खांद्यापर्यंत सरळ चढलेला जाड दांडा. जोड त्याच्याखाली होता. कारागिराने आधी पत्रा जोडला, आत राळ ओतून डबा घट्ट केला, आणि मग जिथे जोड तिथूनच वेल उगवली.

"येल तिथून कावून निघाली, तर तिथं झाकायचं होतं."

आणि टोपी. टोपी गळ्यावर ठेवायची आणि बोट काढून घ्यायचं. ती खटकन पडायची नाही. आतली हवा हळूहळू बाहेर सोडत, आपल्याच वजनाने, सावकाश खाली बसायची, आणि शेवटी एक बारीक उसासा ऐकू यायचा. तुम्ही त्याला 'दम' म्हणायचात. झाकणाला दम आहे. लिंगाची डबी तुम्ही घडवायचात ती याच मापाने: उलटी केली तर उघडू नये, दोन बोटांनी ओढली तर अडू नये. पण त्या टोपीसारखा दम आपल्या हातून एकदाही आला नाही, असं तुम्ही म्हणाला होता. तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल फार चढवून बोलणारे होता, बोळातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. म्हणून ते वाक्य मी विसरले नाही.

आई आजारी होती तेव्हाचं एक लिहायला हवं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी एकटीच असायचे. भाऊ यायचा होता, आला नव्हता. तुम्ही दुपारी दुकान बंद करून आलात, बाकावर शेजारी बसलात आणि आईची चौकशी केली नाहीत. धीर द्यायचा म्हणून माणसं जे बोलतात त्यातलं काही बोलला नाहीत. खिशातून भिंग काढून म्हणालात, त्या वेलीची पानं चहाची आहेत का ते मी पुस्तकात बघितलं का. मी नाही म्हणाले. मग बघा, असं म्हणून पानाच्या कडेला दाते कसे आहेत यावर तुम्ही बोलत राहिलात. नर्स बाहेर आली तेव्हा मी तुमच्याशी वाद घालत होते. आई गेली ती त्याच आठवड्यात. त्या व्हरांड्यात मी ज्या माणसाशी भांडत बसले होते त्याचे आभार मानायचे राहिले. ते इथे मानते. छापील जागेत मानणं तुम्हाला आवडलं नसतं, पण आता दुसरी जागा नाही.

आई गेल्यावर केव्हातरी बोलता बोलता मी म्हणाले होते की असे डबे बहुधा जोडीने असत. एकात एका जातीचा चहा, दुसऱ्यात दुसऱ्या. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत.

"मंग दुसरा कुठं हाय?"

कुणाला ठाऊक, मी म्हणाले. आटला असेल.

पुढच्या खेपेला ऐरणीवर नवा पत्रा होता. पत्रा ठोकून कडक झाला की लाल करून पाण्यात सोडायचा, पुन्हा ठोकायचा. आठ अंगं वळली. जोड दिला. राळ तापवून आत ओतलीत तेव्हा तो वास माझ्या ओढणीला घरापर्यंत आला. वेल काढायला फार दिवस लागले, कारण एका डोळ्याने आता नीट दिसत नव्हतं आणि तुम्ही ते मान्य करत नव्हता. बुंधा तुम्हीही जोडावरच घेतलात. दिवाळीचं, लग्नसराईचं काम बाजूला सारून हे चाललंय यावर मुलगा कुरकुरायचा. मी दिसले की गप्प व्हायचा. कुणाची ऑर्डर आहे, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, जोडीची. गिऱ्हाईक हसलं. मी रस्त्याकडे बघत होते.

हा डबा कुणासाठी, हा प्रश्न विचारणं माझं रोजचं काम होतं. कोण, काय, कुठे, केव्हा, कशासाठी. मी जन्मभर अनोळखी माणसांना हे विचारलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण उत्तर काही आलं असतं तरी दुसऱ्या दिवशी दुकानात येणं अवघड झालं असतं.

डबा झाला. शेंड्याचं सीताफळही झालं, प्रत्येक डोळा वेगळा. टोपी जमेना. एक केलीत, ती सैल झाली. आटवलीत. दुसरी अडली. आटवलीत. मग मी मोजायचं सोडलं. प्रत्येक टोपी मला चांगली दिसायची, बसायची, निघायची. तुम्ही गळ्यावर ठेवून बोट काढायचात, कान लावायचात आणि मुशीकडे वळायचात. सीताफळ तेवढं सोडवून पुढच्या टोपीवर चढायचं.

आपलं शेवटचं बोलणं यावरूनच झालं. फुंकणी धरताना तुम्हाला धाप लागत होती. मी म्हणाले, अप्पा, ही टोपी राहू द्या, चहाला एवढं पुरतं.

तुम्ही टोपी उचललीत.

"तुमाला चहाच दिसतो," म्हणालात. मग मुशीकडे वळत, "न्हाईतर काय."

त्या 'न्हाईतर काय'चा अर्थ मी त्यानंतरच्या आठवड्यात बऱ्याच प्रकारे लावून पाहिला. रागाने जायचं टाळलं असं नाही; जिल्हा परिषदेची बैठक होती, चकलांब्याकडे एक बातमी होती, दिवस गेले. मग एका सकाळी पत्रकारांच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, खाली हात जोडल्याच्या खुणा.

तुमच्या घरी मी बायकांमध्ये बसले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, तुमी कोन यांच्या. मी म्हणाले, पेपरमधली. त्यावर तिने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. तेवढं उत्तर पुरेसं होतं, आणि दुसरं कुठलंही उत्तर खोटं ठरलं असतं. तुम्हाला बसवून नेलं. तुमच्यात तसंच नेतात, पण रोज ज्या माणसाला मी बसलेलंच पाहिलं होतं त्याला रस्त्याने बसून जाताना बघणं सोपं नव्हतं. कपाळावर विभूती होती. मी चौकापर्यंत कडेने चालले आणि तिथे थांबले. पुढे बायका जात नाहीत; माझ्यासारखीने पुढे जायला काही कारणही नव्हतं.

दिवस झाल्यावर तुमचा मुलगा शिवराज याने मागची कामाची खोली पाडून दुकान वाढवायचं ठरवलं. ते त्याने करायलाच हवं. तयार मालावर दुकान चालतं, ऐरणीवर नाही. खोलीतली जुनी चांदी, अर्धवट काम, सगळं आटणीला जाणार होतं. मला कळलं तशी मी गेले. जाताना ठरवलं होतं की डबा मागायचा. रास्त वजनाने विकत घ्यायचा. काय सांगून मागायचा, ते ठरलं नव्हतं.

दोन्ही डबे काउंटरवर होते. शिवराजने मला बसायला स्टूल दिलं आणि जुन्या डब्याकडे बोट करून तोच बोलला. अप्पा याला विभूतीची डबी म्हणायचे, तुम्ही पेपरात चहाचा डबा लिहिलंय. घरात कुणाला नक्की माहीत नाही.

"चहाचा असंल तर मोडीत टाकतो, न्हाईतर तुमाला पाहिजे तर न्या. इभूतीची असंल तर मंग न्हाई देता येत. ती देवघरात जाईल. तुमी सांगा मॅडम, तुमी खरं लिवता."

इतक्या वर्षांच्या वादात निकाल द्यायला कुणी मला प्रथमच सांगत होतं. पुरावा माझ्या बाजूचा होता: टोपी, गळा, आकार, सगळं. चहाचा डबा आहे, एवढं म्हटलं की तो माझा होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

माझ्या धंद्यात एक शिस्त आहे. वादात दोन बाजू असतात, आणि ज्याच्याशी संपर्क होऊ शकत नाही त्याचं म्हणणं आपण होऊन, पूर्ण, त्याच्या शब्दांत द्यायचं असतं. मी ती शिस्त आयुष्यभर पाळली आहे. त्या काउंटरवर तुमची बाजू मांडायला दुसरं कुणीही नव्हतं.

मी म्हणाले, "अप्पा म्हणायचे, ही विभूतीची डबी आहे."

"आन् तुमी?"

"मीही तेच म्हणते."

शिवराजने डबा दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. तुमच्या सुनेला हाक मारून धुतलेलं फडकं मागवलं आणि त्यात तो गुंडाळला. तुमच्या देवघरापर्यंत मला जाता येणार नाही, त्यामुळे तो मला पुन्हा दिसायचा नाही.

मग त्याने दुसरा उचलला. गळा उघडा, टोपी नाही, सुटं सीताफळ आत खुळखुळत होतं. आणि हे काय, असं त्याने विचारलं. यातही विभूती, असं म्हणता आलं असतं. पण यात कधी काही ठेवलंच गेलं नव्हतं.

"तो चहाचा डबा आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्याने सवयीने तो तराजूत ठेवला, आणि आकड्याकडे न बघता उचलून माझ्यासमोर सरकवला. आमच्यात चहा स्टीलच्या डब्यात राहतो, मग हा तुम्हीच न्या, म्हणाला. तो कुणासाठी घडत होता हे मी त्यालाही विचारलं नाही.

अप्पा, डबा माझ्या ओट्यावर आहे. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाकडून टोपी करून घेणार नाही. झाकण नसल्यामुळे पत्तीचा वास उडून जातो, म्हणून सकाळी पुडीतून एका कपापुरतीच त्यात काढते आणि लगेच आधणात टाकते.